प्रमाणपत्रावरचं आडनाव परत मिळवताना: माझा आयटीआयचा अनुभव

इलेक्ट्रिशियन ट्रेडची दोन वर्षं मला जड गेली नाहीत. ऑनलाइन अर्ज, विकल्प, पहिल्याच फेरीत नंबर, सगळं सुरळीत झालं. मुलींना ३० टक्के जागा राखीव असतात, तरी २० जणांच्या आमच्या तुकडीत मुली मोजक्याच होत्या. जिन्याच्या वायरिंगपासून मोठी मोटर सुरू करायच्या स्टार-डेल्टा स्टार्टरपर्यंत सगळं स्वतःच्या हातानं केलं. नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली बसून मोटरचं वाइंडिंगही भरलं. त्यातल्या कशाचीच तक्रार नाही. तक्रार आहे ती एका कागदाची.

निकाल लागला आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, म्हणजे एनटीसी, डाउनलोड केलं. त्यावर माझं नाव होतं, वडिलांचं नाव होतं, आडनाव मात्र नव्हतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात, आधारवर ते शेवटी येतं. प्रवेशाच्या वेळी माहिती भरणाऱ्यानं या दोघांच्या मधे कुठेतरी ते गाळून टाकलं होतं.

"चालते ना मॅडम, नाव तर बरोबर आहे," संस्थेतले बाबू म्हणाले.

"अन् आडनाव?"

"ते आधारवर आहे ना!"

नाही चालत हो. अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर आधारवरचं नाव येतं आणि कंपनीवाले प्रमाणपत्र त्याच्या शेजारी ठेवून बघतात. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीनं मुलाखतीत मला मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, कसा लावतात ते विचारलं, उत्तर आवडलं, आणि कागद बघून सांगितलं, "दुरुस्त करून आणा, मग बघू." रेल्वेच्या नागपूर विभागाची अप्रेंटिस भरती लेखी परीक्षेविना, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते. माझे गुण चांगले होते. त्या अर्जाची मुदत या भानगडीतच निघून गेली. तो राग अजून गेलेला नाही.

मग सुरू झाला कागदांचा खेळ. आधी म्हणाले, प्रतिज्ञापत्र आणा. केलं. (शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ असल्याचा आदेश २००४ पासून आहे. पण कोर्टाबाहेर टेबल मांडून बसलेल्या माणसाला हे सांगून बघा, तो तुमच्याकडे कसा बघतो ते कळेल.) प्रतिज्ञापत्र बघून बाबू म्हणाले, याच्यानं होणार नाही, राजपत्रात छापून आणा.

इथे माझं डोकं फिरलं. राजपत्र लागतं ते नाव बदलणाऱ्याला. मी काहीच बदललं नव्हतं. शाळेचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार, जातीचा दाखला, सगळीकडे एकच नाव. नोंद चुकली संस्थेची, आणि पैसे भरून मी जाहीर करायचं की मी नाव बदललं? उद्या तेच राजपत्र बघून कोणी विचारलं की आधीच्या नावाचे कागद कुठे आहेत, तर काय दाखवायचं? मी म्हटलं, "सर, राजपत्र लागतं असं मला लेखी द्या." बाबूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि राजपत्राचा विषय त्यानंतर निघाला नाही. तुम्हालाही कोणी जास्तीचा कागद मागितला तर भांडू नका. लेखी मागा.

अर्ज एकदाचा ऑनलाइन चढला. त्यानंतरचे आठवडे आठवले तरी वीट येतो. संस्थेत विचारलं की उत्तर, "आम्ही वर पाठवला." वरच्या कार्यालयात विचारलं की, "आमच्याकडे आलाच नाही." पोर्टलवर एकच शब्द, प्रलंबित. फेज आलेला आणि न्यूट्रल तुटलेला असला की असंच होतं: टेस्टर पेटतो, दिवा लागत नाही. "सर्वर डाऊन हाय, उद्या या" हे तर शिपाईही सांगायला शिकला होता, मी फाटकातून आत यायच्या आधीच.

सुटलं ते आमच्या ट्रेडच्या सरांमुळे. आम्हाला फॉल्ट शोधायला ते असंच शिकवायचे: मीटरपासून सुरुवात करा, एकेक पॉइंट तपासत पुढे जा, मधूनच अंदाज बांधू नका. त्यांनी बाबूंच्या शेजारी खुर्ची ओढली आणि लॉगिन उघडायला लावलं. अर्ज तिथेच पडलेला. दहावीच्या गुणपत्रिकेची रंगीत स्कॅन केलेली फाइल मर्यादेपेक्षा मोठी होती, ती चढलीच नव्हती, त्यामुळे अर्ज पुढे सरकलाच नव्हता. फाइल लहान केली, परत चढवली आणि वर जाऊ दिली. मग सगळं इतक्या लवकर झालं की मलाच चीड आली.

म्हणून सांगते, अर्ज चढवल्यावर "झालं मॅडम" यावर उठू नका. पडद्यावर अर्ज क्रमांक दिसेपर्यंत बसून राहा, त्याचा फोटो घ्या. मूळ गुणपत्रिका कोणाच्या टेबलावर सोडून येऊ नका. आणि पहिल्या वर्षाचं हॉल तिकीट हातात आलं की वर्गातल्या पोट्ट्यांसारखं नुसतं परीक्षा केंद्र बघू नका. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, फोटो, एकेक अक्षर तपासा. तेव्हा चूक दिसली तर प्रमाणपत्र छापून यायच्या आधीच दुरुस्तीच्या मागे लागता येतं.

दुरुस्त प्रमाणपत्र आलं तेव्हा हिंगण्याच्या त्या कंपनीतली जागा भरली होती. दुसऱ्या कंपनीत लागले, बुटीबोरीला, पॅनल बोर्डाच्या कामावर. अंतर जास्त आहे, पण काम चांगलं आहे.

एक राहिलंच. वरच्या कार्यालयात जाताना आधी फोन करून साहेब जागेवर आहेत का ते विचारा. ते फिरतीवर असले की त्यांच्या टेबलावरचा कागद कोणी हलवत नाही.