वाट्या आधी वाजल्या

वेळणेश्वर झालं, हेदवीची बामणघळ झाली, व्याडेश्वराचं दर्शन झालं, सुरमई दोनदा झाली. गुहागरच्या तीन दिवसांतलं सांगायचंय ते शेवटच्या रात्रीचं.

पावणेतीनला फडताळातल्या स्टीलच्या वाट्या किणकिणल्या. मांजर असेल म्हणून मी कूस बदलली. थोड्या वेळाने खाटच आडवी हलली आणि कौलांतली धूळ तोंडावर आली. धावत अंगणात गेलो, तर काकू ओटीवरूनच म्हणाल्या, "कोयनेचा आहे हो. झोपा जाऊन."

मला त्यांचा रागच आला. 'किती रिश्टर?' करत मोबाइल घेऊन फिरणाऱ्या शेजारच्या पाहुण्यांचा तर जास्तच.

बायको फिजिक्स शिकवते, डासांमुळे जागीच होती. म्हणाली, "वाट्या वाजल्यापासून खाट हलेपर्यंत सात मोजले." नवऱ्याला उठवायचं सोडून ही आकडे मोजत होती! आधी येते ती पी लाट, खडकातून सेकंदाला सहाएक किलोमीटर. मागून साडेतीनच्या चालीने एस लाट, जोरात हलवते ती हीच. जितकं लांब, तितकं दोघींतलं अंतर वाढतं. सेकंदांना ढोबळमानाने आठने गुणायचं: छप्पन्न किलोमीटर.

तिने बांगडी काढून खोलीतल्या नकाशावर गुहागरभोवती ठेवली. प्रमाण जुळत नव्हतं, पण अर्धी बांगडी अरबी समुद्रात गेली.

"म्हणजे समुद्रातही असेल?"

"एका जागेवरून अंतरच कळतं, दिशा नाही. भूकंप नोंदवणाऱ्या तीन ठिकाणांची तीन वर्तुळं जिथे छेदतात, तिथे भूकंप."

चहा आणणाऱ्या काकूंना हे पटलं नाही. "समुद्रात काय शोधताय?" 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे त्या चिपळूणला होत्या, लहान. नंतर कित्येक रात्री अंगणात झोपल्या. तो कोयनेचा मोठा भूकंप, 6.3 चा.

सकाळी आकडा आला, 4.3. शेजारचे खट्टू झाले, "एवढाच?" बायकोने त्यांनाही सोडलं नाही. आपल्याला किती हललं यावर तो आकडा ठरत नाही. यंत्रावरच्या लाटेची उंची घेऊन भूकंपाच्या केंद्रापासूनच्या अंतराचा हिशेब त्यात धरतात. एक अंक वाढला की उंची दहापट, ऊर्जा साधारण बत्तीसपट. म्हणजे काकूंचा भूकंप आमच्याहून हजारपट ऊर्जेचा. मग मात्र मी काकूंना निमूटपणे दुसरा चहा मागितला.

कुंभार्ली घाट चढून कोयनानगर आलं, तेव्हा बायकोने हात पाहिला. बांगडी नकाशावरच राहिली होती.