चिंचेपासून पुढे

यंदा आषाढी एकादशी २५ जुलैला आहे आणि मी एका सीएच्या ऑफिसात कामाला आहे. ही दोन वाक्यं एकत्र वाचून ज्यांच्या पोटात गोळा आला ते माझे लोक.

२०२५ ला ६ जुलैला होती, बरी होती. २०२६ ला मधे अधिक ज्येष्ठ आला, सगळं पुढं सरकलं आणि वारी बरोबर ३१ जुलैच्या, म्हणजे इन्कम टॅक्स रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या, छाताडावर येऊन बसली. तरी ११ तारखेचं जीएसटीचं रिटर्न भरून झालं की २० तारखेच्या दुसऱ्या रिटर्नपर्यंत मधे एक फट असते, त्या फटीतनं साहेबांनी मला चार दिवस दिलेत, म्हणजे "बघू" म्हणालेत, आणि आमच्या ऑफिसात बघू म्हणजे हो, फक्त नंतर टोमणे मारायला जागा ठेवलेली असते.

तर चार दिवस. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, प्रस्थानापासून एकादशीपर्यंत अठरा-एकोणीस दिवस, त्यातले माझे चार. कुठनं सुरू करू, हा प्रश्न मी घरात एकदा मोठ्यांदा विचारला आणि पस्तावले, कारण जे लोक कधी कोपऱ्यावरच्या मंडईपर्यंत चालत गेले नाहीत त्यांना यावर सगळ्यात जास्त मतं असतात.

ऑफिसातल्या मुलींचं म्हणणं दिवे घाट. दुसरं काही नाहीच त्यांच्या डोक्यात. पुणे ते सासवड, तीसेक किलोमीटर, एका दिवसात काम फत्ते, आणि त्या दिवशी बहुतेक एकादशी असते त्यामुळं उपासही पदरात पडतो. पहिल्या वर्षी, २०२३ ला, आळंदीहून निघून मी तोच घाट चढले होते. घाट लांबून, वरून फार सुंदर दिसतो, फोटोत बघितलाय ना सगळ्यांनी, वळणावळणानं वर चढणाऱ्या भगव्या पताका वगैरे. पण घाटात चालणाऱ्याला घाट दिसत नाही, पुढच्या माणसाची पडशी दिसते. मला तर पूर्ण घाटभर एका आजीच्या डोक्यावरचं तुळशीवृंदावन दिसत होतं, त्याला मागून निळ्या नायलॉनच्या दोरीचा फास होता आणि त्यात एक टूथब्रश खोचलेला. आजी एकदाही हात लावत नव्हत्या वृंदावनाला, दोन्ही हात टाळ्या वाजवायला मोकळे. मी दोन्ही हातांनी सॅकचे पट्टे धरून धापा टाकत होते.

नवऱ्याचं मत याच्या बरोबर उलटं. तो म्हणतो शेवटचे चार दिवस चाल, वेळापूरपासनं. धावा, म्हणजे सगळे वारकरी पळत सुटतात तो, बघायला मिळेल, भंडीशेगाव, बाजीराव विहिरीचं रिंगण, वाखरीला मानाच्या पालख्या एकत्र येतात ते, आणि मुख्य म्हणजे पोचशील तरी. त्याच्या दृष्टीनं न पोचणारा प्रवास म्हणजे पेट्रोल वाया. मी विचार केला यावर, खोटं कशाला बोलू. पण वाखरीला माझ्या शेजारी कोण चालत असणार? मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून निघते ती महिनाभर चालत येते. त्या पालखीतल्या एखाद्या बाईनं सहज विचारलं, कुठनं आलाय माऊली, तर मी काय सांगणार, गाडीनं वेळापूरपर्यंत आले आणि मग तुमच्यात घुसले? कोणी नावं ठेवत नाही हो, वारीत असलं कोणी विचारतसुद्धा नाही, पण मला माझीच लाज वाटेल. शिवाय ते दिवस एकादशीच्या अगदी तोंडावर येतात, म्हणजे २० तारखेच्या पलीकडे, आणि तिथं साहेबांचं "बघू" पण चालत नाही.

सासूबाई म्हणाल्या जिथं रेल्वे जाते तिथनं चाल, पाय दुखले तर परत येता येईल. हसू नका, वारीचा टप्पा ठरवण्यात रेल्वेचा फार मोठा हात असतो. पुणे-मिरज लाइनवर जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद अशी ओळीनं स्टेशनं आहेत, पालखीचा रस्ता आणि रूळ इथं बऱ्यापैकी जोडीनं चालतात. फक्त दोन ठिकाणी जपायचं. सासवड रोड नावाचं स्टेशन आहे ते सासवडला नाही, हडपसरच्या बाजूला फुरसुंगीजवळ आहे, आणि पुढं आळंदी नावाचं स्टेशन आहे ती म्हातोबाची आळंदी, माऊलींची नव्हे.

मग आत्याला फोन केला. तो शेवटी करायचा फोन, कारण आत्याला प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही, बोलणी मिळतात.

आत्या सतरा वर्षं पूर्ण वारी करते. तिचं गाव फलटणपासून चार किलोमीटरवर. म्हणजे पंढरपूर तिच्या दारातनं सात मुक्कामांवर. तरी ती दरवर्षी दिंडीच्या ट्रकमधे बसून उलटी आळंदीला जाते आणि चालत चालत परत आपल्याच गावाशेजारनं पुढं जाते. पालखी फलटणला मुक्कामी असते त्या रात्री हिचं घर चार किलोमीटरवर, घरात गाद्या, गरम पाणी, संडास, आणि ही तंबूत. एकदा नातू मोटरसायकल घेऊन आला होता न्यायला, तर त्याच्याकडनं धुतलेल्या दोन साड्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेतला आणि त्याला लावला परत. मी विचारलं, गेली असतीस रात्रीपुरती तर काय झालं असतं. म्हणाली, "घरी गेलं की म्हशीचं बघावं लागतं."

हे मला लई दिवस विचित्र वाटायचं. मग कळलं की माऊलींचे घोडे पण हेच करतात. ते बेळगावकडच्या अंकलीहून येतात, शितोळे सरकारांचे, आणि तिथनं चालत आळंदीला जातात. मग आळंदीहून परत पालखीबरोबर खाली पंढरपूरला. घोड्यांना नकाशा दाखवला तर ते काय म्हणतील मला माहीत नाही. सोपानकाकांची पालखी तर सासवडहूनच निघते, म्हणजे माऊलींच्या वारकऱ्यांना जो तिसरा मुक्काम तो सोपानकाकांच्या वारकऱ्यांना उंबरा. आणि माऊलींच्या पालखीची सुरुवात आळंदीला हे तरी कुठं पहिल्यापासनं होतं, तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज सतराव्या शतकाच्या शेवटी देहूहून पालखी घेऊन निघायचे ते आळंदीला येऊन दोन्ही पादुका एकत्र न्यायचे, माऊलींची पालखी वेगळी निघायला लागली ती एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी घातलेल्या शिस्तीनं. आणि त्याआधी लोक आपापल्या दारातनं निघतच होते की. तेव्हा सुरुवात कुठं हा प्रश्न काही मीच पहिल्यांदा काढलेला नाही, एवढं बळ मला आलं होतं.

ते आत्यानं दोन मिनिटांत काढून घेतलं.

झालं असं की मी वारी हप्त्यांनी करते. २०२३ ला आळंदी ते सासवड. २०२४ ला सासवडपासून जेजुरी, वाल्हे, नीरा करत लोणंदपर्यंत. नीरेच्या पाण्यात पादुकांना आंघोळ घालतात ती बघितली आणि लोणंदहून गाडी पकडून घरी. २०२५ ला लोणंदहून पुढं. दरवर्षी जिथं सोडलं तिथनं धरायचं, मधे एक किलोमीटर पण गाळायचा नाही. मला ही कल्पना फार आवडली होती स्वतःचीच, लेजरसारखी, अखेरची शिल्लक पुढच्या वर्षी ओपनिंग बॅलन्स. आत्याला सांगितल्यावर ती म्हणाली, "वारी हाय का फ्रिज हाय हप्त्यानं घ्यायला?"

मग म्हणाली भिशी पूर्ण भरावी लागेल. दिंडीत प्रत्येकाचे पैसे काढतात त्याला भिशी म्हणतात, त्यात जेवण, तंबू, ट्रक, टँकर सगळं. मी म्हणाले चारच दिवस आहे तर काही कमी नाही का होणार. "चार दिवसाला येणारी बाई भात कमी खाती का? उलट जास्तच खाती, सवय नसती." हे खरं आहे. लोणंदला मी पिठलं-भात तीनदा घेतला होता.

तर लोणंद. गेल्या वर्षीचं सांगायचं राहिलंच. लोणंदला कधी एक मुक्काम असतो कधी दोन, तिथीची वाढ-घट बघून ठरतं, त्यामुळं सुट्टीचा अर्ज भरताना पंचांग आणि एक्सेल शेजारी शेजारी उघडून बसावं लागतं. गेल्या वर्षी एकच होता. संध्याकाळी तळावर समाज आरतीला पालखी आली, हजारो टाळ एकदम वाजत होते, मला शेजारच्या बाईचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि चोपदारानं दंड वर केला. झालं. बंद. माझ्यासमोर एक मुलगा बिस्किटचा पुडा फोडत होता, तेवढ्या शांततेत त्या पुड्याचा कागद इतका मोठ्यानं वाजला की त्यानं बिस्किट तसंच हातात धरून ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. मग हरवलं-सापडलं वाचून दाखवलं. कुठल्या कुठल्या दिंडीतल्या कोणाचा काय तांब्या, काय चष्मा, एक पिशवी. आमच्या ऑफिसात माझा स्टेपलर तीन महिन्यांपासून हरवलाय.

दुसऱ्या दिवशी चांदोबाचा लिंब. तिथं पहिलं उभं रिंगण. लोक दोन बाजूला उभे, मधनं घोडे पळत जातात, आणि गेले की सगळे टापांखालच्या मातीवर पडतात कपाळाला लावायला. माझ्या वाटणीला घोड्याचं शेपूट आणि एका हवालदाराची पाठ आली, पण माती मिळाली. रात्री तरडगाव. पहाटे साडेतीनला आत्यानं उठवलं, अंधारात टँकरच्या नळाखाली साडी नेसूनच आंघोळ, आजूबाजूला तीसेक बायका, सगळ्या कुडकुडत आणि सगळ्या हसत. बायकांनी टप्पा ठरवताना खरं तर हेच बघायला पाहिजे, आंघोळीला आडोसा कुठं आहे आणि सकाळी जायचं कुठं, बाकी रिंगणं वगैरे नंतर. पण हे कोणी सांगत नाही, मतं द्यायला सगळे पुरुष पुढं असतात.

तरडगावहून फलटणच्या वाटेवर तासभर चाललो असू आणि ऑफिसचा फोन आला. एका पार्टीला नोटीस आली होती, कागद माझ्याच कपाटात, किल्ली माझ्याच पर्समधे. पर्स माझ्या पाठीवर. रस्त्याच्या कडेला एक मोठी चिंच होती, खाली चहाची टपरी, तिथं बसून मी आत्याला सांगितलं की मला जावं लागतंय. आत्या काही बोलली नाही, तिनं फक्त माझ्या पिशवीतली ओली साडी काढून स्वतःच्या पिशवीत टाकली, म्हणाली वाळवून ठेवते, ओझं कशाला.

गाड्या अर्थातच बंद, पालखीचा रस्ता. दोन किलोमीटर मागं चालत जाऊन आतल्या गावाच्या फाट्यावरनं एका पोराच्या मोटरसायकलवर लोणंद स्टेशन. त्या दोन किलोमीटरांत मला वारी पहिल्यांदा समोरून दिसली. तीन वर्षं मी पाठीच बघत आले होते. आता तोंडं. दिंडीमागून दिंडी, घामानं निथळलेली, पानाच्या पिंका, बुक्क्याचे टिळे ओघळलेले, आणि प्रत्येक दुसरा माणूस हात जोडून विचारतोय, माऊली उलटं कुठं? माऊली चुकलं का? एका म्हाताऱ्यानं तर माझा हात धरून मला वळवलंच, पंढरपूर तिकडं म्हणाला. मी म्हणाले हो, माहितीय, जरा काम आहे. इतकं फालतू वाक्य मी आयुष्यात बोलले नसेन.

म्हणून यंदा चिंचेपासनं. ठरलंच होतं माझं मनातनं, बाकीच्यांना उगाच विचारलं. तारखाही जुळतात, एकादशीच्या आठवडाभर आधी पालखी त्याच पट्ट्यात असते, म्हणजे ११ आणि २० च्या बरोबर मधे. चिंच, फलटण, बरड, नातेपुते. बरडबद्दल मला आजवर कोणी एक वाक्य चांगलं-वाईट सांगितलेलं नाही, रिंगण नाही, घाट नाही, रीलला काही नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळंच मला तिथं जायचंय.

मे महिन्यात फलटणला एका लग्नाला गेलो होतो. जाताना नवऱ्याला म्हणाले जरा गाडी हळू घे, माझी चिंच दाखवते. तरडगाव सोडलं, डावीकडे बघतेय, उजवीकडे बघतेय, चिंच नाही. रस्ता मोठा केलाय, एवढा रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. दोनदा फिरून आलो. तिसऱ्यांदा टपरी सापडली, ती सरकून बरीच आत गेलीये, पत्रा नवीन, माणूस तोच. मी विचारलं इथं चिंच होती ना हो मोठी. त्यानं किटली धरलेल्या हातानंच रस्त्याकडं दाखवलं. "ती काय, दुसऱ्या लेनमधी."

नवरा म्हणाला, चला, ओपनिंग बॅलन्स राइट ऑफ.

मी त्या लेनचा फोटो काढला. डांबर, पांढरा पट्टा, एक ट्रक जाताना थोडा हललेला. आत्याला पाठवला, खाली लिहिलं की मी इथनं सुरू करणार आहे, पालखी सकाळी किती वाजता येईल इथं. तिला टाइप करता येत नाही, रात्री व्हॉइस मेसेज आला, मागं म्हैस ओरडतेय.

"तरडगावलाच ये आदल्या रात्री. रस्त्यात उभी ऱ्हाऊ नको, ट्रक लई जोरात येत्यात. साडी वाळलीय तुझी. आन भिशी पाठव."