तुम्ही विचारलंत म्हणून : दुसरा अंतरा अडतो तेव्हा

‘चाल तयार असते, संगीतकार वाट पाहत असतो आणि शब्द मात्र सुचत नाहीत, अशा वेळी तुम्ही काय करता?’ गीतलेखनाकडे नव्याने वळलेली मंडळी हा प्रश्न मला हमखास विचारतात. मी त्यांना उलट विचारते, की गाणे नेमके कुठे अडले आहे? बहुतेकांचे उत्तर एकच असते, आणि माझाही अनुभव तोच आहे: मुखडा सुचतो, पहिला अंतरा होतो आणि दुसऱ्या अंतऱ्यापाशी लेखणी थांबते.

एका विरहगीताच्या वेळी मी नऊ दिवस अशी थांबले होते. मुखड्यात वाट पाहणे होते. पहिल्या अंतऱ्यात दार, विझत चाललेला दिवा, पहाट आणि ‘आता मी वाट पाहणार नाही’ हा निश्चय, इतके सगळे आले होते. दुसऱ्या अंतऱ्यासाठी मी दिव्याला प्रतिशब्द शोधत बसले. ती नायिका पहिल्याच अंतऱ्यात सगळी रात्र जगून मोकळी झाली आहे आणि तिच्यापाशी बोलण्यासारखे काही उरलेलेच नाही, हे फार उशिरा लक्षात आले. मग मी पहाट आणि तो निश्चय पुढे नेला, पहिल्या अंतऱ्यात केवळ संध्याकाळ ठेवली, आणि उरलेले गाणे दोन बैठकांत पूर्ण झाले. तेव्हापासून प्रत्येक अंतऱ्याआधी मी साध्या गद्यात एक वाक्य लिहिते: मुखडा म्हणताना या व्यक्तीला जे उमगले नव्हते, असे आता तिला काय उमगले आहे? ते वाक्य लिहिता येत नसेल, तर यमके शोधण्यात वेळ घालवू नये, असे माझे ठाम मत आहे.

कधी अर्थ स्वच्छ असतो, पण तो चालीवर बसत नाही. अशा वेळी मी अर्थ बाजूला ठेवून ‘दा दा न न’ अशा निरर्थक अक्षरांनी पूर्ण चाल गाते आणि लघु-गुरूंच्या खुणा कागदावर उतरवते. पादाकुलक या मात्रावृत्तातल्या ओळीच्या 16 मात्रा केरवा या आठ मात्रांच्या तालाच्या दोन आवर्तनांत सहज मावतात. तरीही मात्रा जुळल्या म्हणजे शब्द गाता येतोच असे नाही. ‘प्रीती’ आणि ‘माया’ या दोन्ही शब्दांच्या मात्रा चारच, परंतु वरच्या सुरावर ठेहराव असेल तर ‘प्रीती’तला ईकार अनेक गळ्यांना आवळल्यासारखा होतो, तर ‘माया’तला आकार मोकळा सुटतो. अर्थाची छटा बदलते हे खरे. कित्येकदा ती बदललेली छटाच पुढची ओळ सुचवते.

यमकाने अडवले, तर मी ओळीतला शेवटचा शब्द मध्ये आणते. ‘तुझी वाट पाहते मी’ हे ‘पाहते मी वाट तुझी’ असे म्हणता येते, आणि मराठीने दिलेली ही मोकळीक आपण फारच कमी वापरतो.

इतके करूनही गद्यातले ते एक वाक्य सापडले नाही, असे दोनदा घडले. दोन्ही वेळा मी संगीतकाराला सांगितले, की या गाण्याला एकच अंतरा आहे. त्यांनी उरलेली जागा बासरीला आणि सारंगीला दिली. ती दोन्ही गाणी आज ऐकताना मला त्यांत एकही ओळ वाढवावीशी वाटत नाही.