युरेनियमचं लांबट अणुकेंद्र

शनिवार, रात्री उशिरा

अणुकेंद्रांच्या टकरींतून त्यांचा आकार ओळखण्यावरचा, 'स्टार' या संशोधक गटाचा 'नेचर'मधला नोव्हेंबर २०२४ चा शोधनिबंध आज एकदाचा नीट वाचून झाला. अजून डोक्यातून जात नाही.

पुस्तकात अणुकेंद्र गोलच काढतात. सोन्याचं जवळपास तसं असतंही. युरेनियम-२३८ चं मात्र लांबट. हे जुनंच ज्ञान, पण आडवळणानं मिळालेलं: उत्तेजित केंद्र ठरावीक पायऱ्यांनी ऊर्जा सोडतं, त्या पायऱ्यांवरून. थेट बघायला जावं तर पंखा चालू असताना पाती दिसू नयेत, नुसती चकती दिसावी, तसं होतं. सगळ्या दिशा एकमेकींत मिसळून जातात.

अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत, ३.८ किलोमीटर घेराच्या 'रिक' या कोलायडरमध्ये (कण आदळवायच्या यंत्रात), अशी दोन केंद्रं जवळपास प्रकाशाच्या वेगानं समोरासमोर आदळवली. टक्कर इतक्या झटक्यात उरकते की केंद्राला वळायला वेळच मिळत नाही. ज्या रोखानं असेल त्या रोखानं सापडतं.

इथून पुढचं मी तीनदा वाचलं. दोन्ही केंद्रं टोकाला टोक भिडवून आदळली, तर ठिणगी, म्हणजे टकरीत क्षणभर तयार होणारा अतितप्त गोळा, लहान, गोल आणि दाट. दाब जास्त, म्हणून बाहेर पडणारे कण जोरात सुटतात, पण सगळीकडे सारखेच. कुशीला कूस लागली, तर ठिणगी लांबट आणि विरळ. कणांचा जोर कमी, पण आखूड बाजूच्या दिशेनं ते जास्त संख्येनं धावतात. म्हणजे जोर वाढला की हा दिशाभेद घटायला हवा. युरेनियमच्या अगदी मधोमध टकरींत नेमकं तेच दिसलं, सोन्यात नाही. एकट्या टकरीवरून यातलं काहीच सांगता येत नाही. असंख्य टकरी एकत्र मांडल्यावर आकार वर येतो. सोन्याशी तुलना केली ते फार बरं केलं. ठिणगीचं वागणं दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे जो फरक उरतो तो केंद्रांच्या घडणीचा.

शिवाय युरेनियम काटेकोर लांबटही नाही, तिन्ही अक्षांवर किंचित वेगळं आहे, असंही त्यातून निघालं. मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. केंद्राचा मागमूस उरत नाही, आणि तरी त्याची एवढी बारीक ठेवण हाती लागते!

जुलै २०२५ मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत ऑक्सिजन आणि निऑनच्या टकरी झाल्या. मधोमध टकरींत निऑनचा दिशाभेद ऑक्सिजनपेक्षा जास्त निघाला, निऑन लांबट असल्याचंच ते लक्षण. ते आलेख उद्या सकाळी घेऊन बसायचंय.