युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूर: रांग चुकवायला पैसे मोजावेत का?

सिंगापूरमधलं बाकी सगळं, म्हणजे गार्डन्स बाय द बे, नाइट सफारी, लिटल इंडिया, यावर इतकं लिहून झालंय की मी त्यात भर घालत नाही. मला लिहायचंय ते सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमधल्या एका उंची मोजायच्या दांडीबद्दल.

ही दांडी आहे 'रिव्हेंज ऑफ द ममी' या राइडच्या दाराशी. माझ्या पुढे एक मराठी कुटुंब होतं: आई, वडील, मोठा मुलगा आणि धाकटी मुलगी. चौघांकडेही एक्सप्रेस पास, म्हणजे जादा पैसे भरून रांग चुकवायचे पास, होते. मुलगी दांडीला पाठ लावून उभी राहिली. आई म्हणाली, "ताठ उभी राहा गं, मान वर कर." कर्मचाऱ्याने खाली वाकून तिच्या डोक्यावर तळहात आडवा धरला. हात १२२ सेंटीमीटरच्या रेघेखाली दोन बोटं राहिला. त्याने केसांचा बो काढायला सांगितला, पुन्हा मोजलं आणि अगदी नम्रपणे मान हलवली. वडील बायकोला म्हणाले, "अगं, पण हिचाही पास घेतलाय ना आपण!" सहलीला निघायच्या आधीच टूर एजंटने चौघांच्या नावे पास लावून दिले होते. मुलीचं वय किती, उंची किती, हे त्याने विचारलंच नव्हतं.

मला राग आला तो त्या न विचारलेल्या प्रश्नाचा. उंचीचा नियम सुरक्षेचा आहे, त्यात कोणीही सवलत देऊ नये. पण पास घ्यावा की नाही हे ठरवताना पहिला आकडा पैशांचा नसतो, सेंटीमीटरचा असतो. ममीला १२२ सेंटीमीटर लागतात. बॅटलस्टार गॅलॅक्टिकाच्या दोन्ही रोलरकोस्टरना, ह्यूमन आणि सायलॉन, १२५ लागतात. पाण्यातल्या जुरासिक पार्क रॅपिड्सला १०७, ट्रान्सफॉर्मर्सला १०२ आणि कॅनोपी फ्लायरला ९२ लागतात. आपल्याकडची मुलं साधारण सात-आठ वर्षांची होतात तेव्हा १२२ला पोचतात. म्हणजे सहा वर्षांच्या मुलासाठी पास घेतला, तर ज्या राइडसाठी तो मुख्यतः घ्यायचा त्यांतल्या तीन हातच्या गेल्या. त्यात प्रवेशाच्या तिकिटात १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना कमी दर असला, तरी एक्सप्रेसमध्ये तशी सवलत नाही. निघण्यापूर्वी घरातल्या भिंतीवर, चपला काढून, मुलांची उंची मोजा. रेघेच्या एक सेंटीमीटर इकडेतिकडे असाल तर 'नाही' असंच धरून चाला.

त्या कुटुंबाचा प्रश्न 'चाइल्ड स्विच'ने सुटला. ही सोय फुकट आहे. आई मुलीला घेऊन थांबते, वडील आणि मुलगा राइड करून येतात, मग आई पुन्हा रांगेत न लागता आत जाते. दाराशीच कर्मचाऱ्याला सांगायचं, रांगेत अर्ध्यावर पोचल्यावर नाही.

आता पास नेमका कसा चालतो ते. प्रवेशाचं तिकीट साधारण ८० सिंगापूर डॉलरच्या आसपास असतं आणि एक्सप्रेस त्याशिवाय वेगळा घ्यावा लागतो. त्याचा भाव तारखेनुसार बदलतो. मोकळ्या दिवशी प्रवेशापेक्षा कमी, सुट्टीच्या दिवशी प्रवेशाच्या आसपास किंवा त्याहून वर. साध्या एक्सप्रेसवर प्रत्येक राइड एकदाच मिळते, 'अनलिमिटेड'वर हवी तितक्या वेळा. दारापाशी दोन वाटा असतात. एक्सप्रेसची वाट पुढे नेऊन नेहमीच्या रांगेत सोडलेली असते आणि जिथे दोन्ही मिळतात तिथे एक कर्मचारी उभा असतो. सगळा खेळ त्याच्या हातात. तो एक्सप्रेसचे पाच-सहा जण सोडतो, मग नेहमीच्या रांगेतले काही, की परत एक्सप्रेस. समजा एखादी राइड तासाला हजार माणसं नेते आणि त्यातल्या पाचशे जागा एक्सप्रेसला गेल्या. मग रांगेत तुमच्यापुढे पाचशे माणसं असतील तर अर्ध्या तासाऐवजी पूर्ण तास लागतो. राइड तीच, वेग तोच, फक्त तुमच्या वाट्याच्या जागा निम्म्या झालेल्या. एक्सप्रेसवाल्याचे वाचलेले मिनिट रांगेतल्या कोणाच्या तरी खात्यातून गेलेले असतात. ही पद्धत मला मनापासून आवडत नाही. आजींना सोबत घेऊन उन्हात तासभर उभं असलेलं कुटुंब आणि शेजारून सरसर पुढे जाणारी रिकामी वाट, हे दृश्य सहलीच्या जागी नको वाटतं. पण तिथे गेल्यावर हे असणारच आहे, तेव्हा आपल्या वेळेचा हिशेब आपण करायला हवा.

रांग कुठे लांबते हे राइड एका फेरीत किती माणसं नेते यावर ठरतं. कॅनोपी फ्लायर ही साधी, लहान मुलांसाठीची राइड आहे. पण एका पाळण्यात चारच जण, दोन पुढे तोंड करून आणि दोन मागे. त्यामुळे तिची रांग बाहेरून आखूड दिसते आणि सरकत मात्र नाही. पासचा सगळ्यात जास्त फायदा इथे होतो. गॅलॅक्टिकाचंही तसंच. २०१३मध्ये ती बंद पडली आणि २०१५मध्ये नव्या गाड्या घेऊन उघडली. आधी एका ओळीत चार जण बसायचे, आता दोनच. उलट ट्रान्सफॉर्मर्सची एक गाडी बारा जणांना नेते आणि गाड्या एकामागोमाग सुटतात, त्यामुळे रांग दिसायला भली मोठी असली तरी चालत राहते. वॉटरवर्ल्डसारखे शो, परेड आणि पात्रांबरोबरचे फोटो यांच्यासाठी पासचा विचारच करू नका. फोटोची रांग तर पास असूनही तशीच उभी राहून काढावी लागते, आणि दुपारी साडेबाराला जेवणाच्या काउंटरवरचीही.

आणखी एक जागा जिथे पास कामाला येत नाही ती म्हणजे लॉकर. गॅलॅक्टिकाला बॅग, मोबाइल, खिशातली नाणी, सगळं बाहेर ठेवावं लागतं. तिथले लॉकर ठरावीक वेळ फुकट असतात, वेळ उलटली की पैसे. नेहमीची रांग त्या फुकट वेळेपेक्षा लांब असेल तर लॉकरचा खर्चही धरा. चौघांची एकच बॅग न्या, आणि दोघं-दोघं गेलात तर लॉकर लागतच नाही, बाहेर थांबणारा सांभाळतो.

फुकटात रांग चुकवायचे दोन रस्ते आहेत. पहिला, सकाळचा पहिला तास. हार्बरफ्रंट मेट्रोवर उतरायचं, व्हिवोसिटी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्सप्रेस मोनोरेल पकडायची आणि पहिल्याच थांब्यावर, रिसॉर्ट्स वर्ल्डला उतरायचं. दार उघडायच्या अर्धा तास आधी फिरत्या पृथ्वीगोलाशी पोचलात तर पुरे. गोलाजवळचे फोटो संध्याकाळसाठी ठेवा. आत शिरल्यावर लहान मुलांची कुटुंबं डावीकडे मिनियन लँडकडे वळतात. मोठी मुलं असतील तर तुम्ही उजवीकडे, न्यूयॉर्क या विभागातून सरळ साय-फाय सिटी विभागात जा. ह्यूमन, सायलॉन, मग ट्रान्सफॉर्मर्स, मग पुढच्या इजिप्त विभागातली ममी, या क्रमाने गेलात तर गर्दी तुमच्या मागून येते.

दुसरा रस्ता 'सिंगल रायडर'चा. चार जणांच्या ओळीत तिघांचं कुटुंब बसलं की एक जागा उरते. ती भरायला ही वेगळी रांग असते. एकत्र बसायचा हट्ट सोडला तर कॉलेजची मुलं यातून अर्धा दिवस वाचवतात. बारा वर्षांच्या मुलाला मात्र अंधाऱ्या ममीत परक्यांमध्ये एकटं पाठवायला मी सांगणार नाही. आणि ही रांग गर्दी फार झाली की बंदही करतात, तिच्यावर सगळा बेत टाकू नये.

पावसाचं गणित याहून महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये सिंगापूरला दुपारी विजांसह पाऊस पडतो, तेही बहुतेक दोन ते पाचच्या सुमारास. वीज जवळ आली की गॅलॅक्टिका, कॅनोपी फ्लायर यांसारख्या उघड्यावरच्या राइड थांबवतात. अर्धा तास, कधी दोन तास. तेवढ्यासाठी पासचे पैसे परत मिळतील असं धरू नका. शिवाय सगळी माणसं छपराखालच्या ट्रान्सफॉर्मर्स आणि ममीकडे धावतात आणि मग एक्सप्रेसची रांगच वीस-पंचवीस मिनिटांची होते. म्हणून पास असेल तर तो सकाळी दहाला वापरायची घाई करू नका, त्या वेळी नेहमीची रांगही छोटीच असते. गॅलॅक्टिका सकाळी साध्या रांगेतून उरका. कॅनोपी फ्लायर पास दाखवून बारा वाजायच्या आत करा. ट्रान्सफॉर्मर्स आणि ममीचा पास दुपारच्या गर्दीसाठी राखून ठेवा. रॅपिड्स पाऊस येण्याआधी करा किंवा पाऊस थांबल्यावर. नाहीतरी भिजायचंच आहे, पण ओल्या कपड्यांनी एसीत शिरू नका, मुलं कुडकुडतात.

राहिला प्रश्न तारखेचा, आणि इथे मराठी माणसाची मे महिन्याची सुट्टी उपयोगी पडते. सिंगापूरच्या शाळांची एक मोठी सुट्टी मेअखेर सुरू होऊन जूनभर चालते. म्हणजे मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी-बुधवारी गेलात तर पासशिवाय दिवस व्यवस्थित निघतो. १ ते ५ मेच्या दरम्यान मात्र चीन आणि जपान दोन्हीकडे सुट्ट्या असतात, तेव्हा जायचंच असेल तर पास घ्या. जूनमध्येही घ्या. दिवाळीत जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत हॅलोविन हॉरर नाइट्स असतात आणि त्या रात्री दिवसाचं पार्क लवकर बंद करतात. तास कमी झाले की पासची किंमत वाढते. टूरबरोबर जाणाऱ्यांचंही तेच. बस अकराला सोडते आणि पाचला बोलावते, सकाळचा मोकळा तास हातातून गेलेला असतो. अशा वेळी १२५ सेंटीमीटरच्या वरच्या मंडळींसाठी पास घ्यावा, बाकीच्यांसाठी नको. चौघांनी एकसारखाच पास घ्यायला हवा असा कुठेही नियम नाही.

ठरत नसेल तर आधी घेऊ नका. युनिव्हर्सलच्या ॲपवर प्रत्येक राइडची प्रतीक्षा मिनिटांत दिसते आणि ती पुण्यात बसूनही पाहता येते. जाण्याच्या आधीच्या आठवड्यात, ज्या वारी जाणार त्याच वारी, आपल्या सकाळी साडेदहाला बघा, तेव्हा तिथे दुपारचा एक वाजलेला असतो. गॅलॅक्टिका आणि ट्रान्सफॉर्मर्स दोन्ही ४० मिनिटांच्या आत असतील तर पैसे जेवणावर खर्च करा. दोन्ही ७०च्या वर असतील तर आदल्या रात्री ऑनलाइन पास घ्या, कारण गर्दीच्या दिवशी ते आत गेल्यावर संपलेलेही असतात.