एगरची गोडसर रेड

हंगेरी म्हटलं की सगळे टोकाई टोकाई करतात, म्हणजे तिथली प्रसिद्ध गोड व्हाईट वाईन, पण चांगली टोकाई खिशाला जड, त्यापेक्षा एगरची सेमी-स्वीट रेड वाईन घ्या, लेबलवर ‘फेलएदेश’ बघायचं, म्हणजे लिटरला १२ ते ४५ ग्रॅम साखर. एगर उत्तर हंगेरीत, ब्युक डोंगराच्या पायथ्याशी, हवा थंड, त्यामुळे वाईनला आंबटपणा येतो आणि गोडी डोक्यात जात नाही. गावाजवळच्या दरीत मऊ ज्वालामुखी दगडात कोरलेली तळघरं आहेत, भिंतींवर काळी बुरशी. १५५२ च्या तुर्की वेढ्यात एगरचा किल्लेदार इश्तवान दोबोच्या सैनिकांच्या वाईनने लालभडक झालेल्या दाढ्या बघून हे बैलाचं रक्त पितात असं तुर्कांना वाटलं म्हणे! लोणकढी थाप, पण मस्त. बिकावेर, म्हणजे ‘बैलाचं रक्त’ नावाची एगरची रेड, मात्र सहसा ड्राय, म्हणजे बिनगोड असते, गोंधळ नको. ही गोडसर रेड थोडी गार करून गुलाशसोबत, म्हणजे पॅप्रिका घातलेल्या मटणाच्या रश्शासोबत घ्या, पॅप्रिकाच्या तिखटाला गोडी बरी पडते.