दात खाणं: जंताच्या गोळीआधी श्वास ऐका

मूल झोपेत कराकरा दात खाऊ लागलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "पोटात जंत झालेत." मग मेडिकलमधून गोळी येते. जंतनाशक दिनाला अंगणवाडीत, शाळेत मिळणारी अल्बेंडाझोल मुलांनी जरूर घ्यावी, पण ती जंतांसाठी. दात खाण्याशी जंतांचा संबंध पक्का सिद्ध झालेला नाही. गोळी दिलीय, आता थांबेल, असं म्हणत महिने जातात आणि खरं कारण तसंच राहतं, याची आम्हाला काळजी वाटते.

दुधाचे दात पडून कायमचे येतात त्या वयात बरीच मुलं दात खातात आणि बहुतेकांची सवय आपोआप जाते. जबडा वाढत असल्याने नाइट गार्डही (झोपताना दातांवर घालायचं कवच) सहसा देत नाहीत. पण मूल गाढ झोपलं की पाच मिनिटं शेजारी बसून त्याचा श्वास ऐका. तोंड उघडं राहतं का? रोज घोरतं का? श्वास मध्येच अडून दचकून सुरू होतो का? त्याच्या जोडीला अंथरूण ओलं होणं, दिवसा चिडचिड असेल तर ॲडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) किंवा टॉन्सिल वाढलेले असू शकतात. छाती आणि चेहरा दिसेल असा मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तपासणीच्या खोलीत मूल जागं असतं, म्हणून हा व्हिडिओ मोलाचा.

मोठ्यांचं वेगळं. सकाळी कानशिलं दुखतात, जबडा आखडतो, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे दिसतात, थंड पाणी झिणझिणतं. कान दुखतो म्हणून तपासावं तर कान चांगला निघतो. झोपेत दात खाण्याचे झटके बहुतेकदा झोप क्षणभर चाळवते तेव्हा येतात. त्यामुळे नाशिकच्या सातपूर-अंबड कारखान्यांत पाळ्या बदलत काम करणाऱ्यांनी आधी झोपेची वेळ सांभाळावी. संध्याकाळनंतरचा चहा, तंबाखू आणि दारू, तिन्ही त्रास वाढवतात. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिनसारख्या नैराश्यावरच्या औषधांनीही काहींना हे होतं. गोळी मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला.

दिवसा दात आवळण्यावर मात्र आपला ताबा आहे. आरामात असताना ओठ मिटलेले, दात सुटे आणि जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला, ही जबड्याची खरी जागा. दात एकमेकांना लागायचे ते चावताना आणि गिळताना, एवढंच. द्वारका चौकात गाडी अडकली की तपासा: दात टेकलेत? सोडा. दिवसातून वीस वेळा करावं लागलं तरी करा.

नाइट गार्ड दात वाचवतो, दात खाणं थांबवत नाही. साधारण २ ते ३ मिमी जाडीचा, कडक ॲक्रिलिकचा, बहुधा वरच्या सगळ्या दातांवर बसणारा गार्ड आम्हाला पसंत आहे. त्यासाठी दोन्ही जबड्यांची मापं लागतात. बसवताना रंगीत कागद चावायला देऊन दोन्ही बाजूंना सारखे ठिपके उमटतात का ते पाहतात. एकीकडेच उमटले तर घासून घ्यावं लागतं, नाहीतर जबडा दुखतो. ऑनलाइन मिळणारा, गरम पाण्यात मऊ करून बसवायचा गार्ड काही जण झोपेत चघळत राहतात आणि तो लवकर फाटतो. फक्त पुढच्या दातांवरचा गार्ड कायम घातला तर मागचे दात सरकून चावा बिघडू शकतो. जो जोरात घोरतो त्याने आधी झोपेची तपासणी करावी, कारण वरच्या गार्डने श्वासाचा अडथळा काहींमध्ये वाढतो.

गार्ड थंड पाण्याने, मऊ ब्रशने धुवा. गरम पाण्यात तो वाकडा होतो. दर तपासणीला सोबत न्या. त्यावरचे चरे पाहून डॉक्टरांना झीज कळते.

चावा सारखा करण्यासाठी खरे दातच घासून घ्या, असं कुणी सुचवलं तर दुसरं मत घ्या. घासलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, परत येत नाही.